काटा पावावर, गाडी पुलावर

राजाराम पुलावर संध्याकाळी साडेसहाला आमची गाडी बंद पडली तेव्हा पेट्रोलचा काटा पाव टाकी दाखवत होता. मागे अडकलेल्या मंडळींनी नाना सल्ले दिले. बॅटरी बघा, चोक ओढा, सेकंड गिअर टाकून ढकला. पेट्रोल बघा असं मात्र कुणी म्हणालं नाही, कारण प्रत्येकाला तो काटा मीच दाखवत होते. टाकीत ठणठणाट होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात निदान झालं, "ताई, मीटर गेलाय." मीटर बदलला, पैसे दिले, आणि नवा मीटरही जुन्याइतक्याच ठामपणे पाव टाकी दाखवू लागला. महिन्याभराने दुसऱ्या एका वायरमनने टाकीतला फ्लोट बाहेर काढला, त्याला मल्टिमीटर लावला आणि म्हणाला, फ्लोट ठीक आहे. मग तो गाडीखाली वाकला आणि टाकीच्या तळाला पडलेला पोचा त्याने मला दाखवला. तळ आत आला होता, फ्लोट त्या उंचवट्यावर टेकत होता आणि पावाच्या खाली जातच नव्हता. मीटर बिचारा जे कानावर येईल तेच सांगत होता. पुण्यातले गतिरोधक पाहता हा पोचा नेमका कुठे पडला ते शोधण्याच्या भानगडीत मी पडले नाही.

त्या फुकट गेलेल्या मीटरने एक शिकवलं. जुन्या गाडीचा काटा चुकतो तो एका ठरावीक तऱ्हेने चुकतो. ती तऱ्हा नीट पाहिली तर दोष टाकीत आहे, वायरीत आहे की मीटरात, हे पाना हातात घ्यायच्या आधीच बरंचसं कळतं. आणि बहुतेक वेळा तो मीटरात नसतो.

पुढचं सगळं साधारण १९८५ ते २००५ या काळातल्या गाड्यांना लागू पडेल. शेवटची मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये तयार झाली, अँबेसिडरचं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं. १९९८च्या अखेरीला आलेली इंडिका तर आपल्या पिंपरीचीच. पद्मिनी, झेन, सँट्रो अजून कुणाकुणाच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली आहेत, रविवारी बाहेर निघतात. २००५नंतरच्या बऱ्याच गाड्यांत काटा आणि टाकी यांच्यामध्ये कॉम्प्युटर येऊन बसला आहे. तिथे स्कॅनर लागतो, आणि तो विषय वेगळा.

काट्यापर्यंतची वाट

रचना साधी आहे. टाकीत दांडीच्या टोकाला तरंगणारा फ्लोट. दांडीच्या दुसऱ्या टोकाला धातूची बारीक जीभ. पातळी बदलली की फ्लोट वरखाली होतो आणि ती जीभ एका रोधाच्या पट्टीवरून सरकते. जुन्या गाड्यांत ही पट्टी म्हणजे बारीक तारेची गुंडाळी असते, नंतरच्या गाड्यांत चिनी मातीच्या चपट्या तुकड्यावर छापलेले पट्टे. बॅटरीची वीज चावीतून फ्यूजकडे, तिथून मीटरमध्ये, मीटरमधून एका लांब वायरने गाडीच्या मागच्या भागात, फ्लोटच्या पट्टीतून आणि शेवटी अर्थिंगला जाते. पट्टीचा रोध जेवढा, त्या मानाने काटा हलतो. फ्लोट, दांडी, जीभ आणि पट्टी या अख्ख्या जोडणीला मेस्त्री 'युनिट' म्हणतात.

बहुतेक गाड्यांत टाकी भरलेली असली की रोध कमी, अगदी काही ओहम, आणि रिकामी असली की जास्त, शंभराच्या आसपास. काही गाड्यांत नेमकं उलटं असतं. मी पहिला प्रकार धरून लिहिते आहे. तुमची गाडी कुठल्या प्रकारची ते पुढच्या वायरीच्या परीक्षेत दोन मिनिटांत कळेल. उलटी निघाली तर माझं 'जास्त' तिथे 'कमी' वाचा.

मीटरचेही दोन प्रकार. चावी फिरवल्यावर काटा सावकाश, दहा-पंधरा सेकंद घेत वर चढत असेल तर तो तापणारा मीटर. त्यात दोन धातूंची जोडपट्टी असते, विजेने ती गरम होते, वाकते आणि काट्याला ढकलते. टचकन वर येत असेल तर तो चुंबकी गुंडाळ्यांचा. तापणाऱ्या मीटरला वीज कमीजास्त झालेली चालत नाही, म्हणून त्याच्या आधी बहुधा एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, आणि इंजिनाच्या तापमानाचा काटाही त्याच्यावरच चालतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आठ दिवसांची वही

दुरुस्तीला हात घालण्याआधी डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवा. रोज एकदा, सपाट जागी गाडी उभी करून, किलोमीटरचा आकडा आणि काट्याची जागा लिहा. सपाट जागी हे महत्त्वाचं. पर्वतीच्या पायथ्याला किंवा कात्रजच्या घाटात चढावर उभ्या गाडीतलं पेट्रोल मागे गोळा होतं, आणि फ्लोट टाकीच्या कुठल्या बाजूला बसवलाय त्याप्रमाणे काटा जास्त तरी दाखवतो किंवा कमी तरी. तो दोष नव्हे. टाकी फुल्ल केल्यावर पहिले पन्नास-साठ किलोमीटर काटा जागचा हलत नाही आणि अर्ध्यानंतर मात्र घसरगुंडीवर बसल्यासारखा खाली येतो, हाही बहुतेक वेळा दोष नसतो. टाकी काही चौकोनी डबा नसते, खाली निमुळती असते, आणि वर नळीपर्यंत टिच्चून भरलेलं पेट्रोल फ्लोटच्या आवाक्याबाहेर असतं.

वहीत एक प्रयोगही नोंदवा. इंजिन चालू असताना हेडलाइट, वायपर आणि पंखा एकदम लावा. काटा हलला? तापमानाचा काटाही त्याच्याबरोबर हलला? एवढं लिहून ठेवलंत तर वायरमनकडे गेल्यावर 'काटा नीट चालत नाही' यापेक्षा कामाचं काही बोलता येतं.

काटा कसा चुकतो

पेट्रोलचा आणि तापमानाचा, दोन्ही काटे एकदम जास्त किंवा एकदम कमी दाखवत असतील तर टाकी उघडूच नका. दोघांचा मामा एकच, तो स्टॅबिलायझर. त्यातला संपर्क चिकटून बसला की पूर्ण बारा-चौदा व्होल्ट आत जातात आणि दोन्ही काटे वर चढतात. त्याची स्वतःची अर्थिंग सुटली तरी जवळपास तेच होतं. हेडलाइट लावल्यावर दोन्ही काटे डुलत असतील तर डॅशबोर्डच्या मागची अर्थिंगची वायर ढिली किंवा गंजलेली असणार.

फक्त पेट्रोलचा काटा नेहमीच थोडा कमी दाखवतो, फुल्ल केल्यावर पाऊण, अर्ध्यावर असताना पावाच्या किंचित वर: हा सगळ्यात सामान्य आजार आणि सगळ्यात स्वस्त. वाटेत कुठेतरी जादाचा रोध शिरलाय. एक साधा हिशोब करून बघा. समजा भरलेल्या टाकीला पट्टीचा रोध १० ओहम आणि रिकामीला १००. टाकीच्या अर्थिंगवर गंज चढून २० ओहमची भर पडली तर मीटरला भरलेल्या टाकीतही ३० ओहम दिसतात. तो आपला इमानेइतबारे पाऊण दाखवतो. चार पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीच्या मागच्या बाजूला, चाकाने उडवलेल्या चिखलात, असा गंज न चढला तरच नवल. निदान ही चूक तुम्हाला रस्त्यात उभं करत नाही.

नेहमी जास्त दाखवणारा काटा घातक. वायरीचं आवरण सोलवटून ती बॉडीला टेकत असेल, दांडी वाकली असेल, किंवा आमच्यासारखा तळाला पोचा असेल. वायर टेकलेली असली तर काटा बहुधा अचानक फुल्लवर उडी मारतो, कधी खड्ड्यात मारतो, कधी मारत नाही. दांडीच्या दोषात चूक रोज सारखीच असते.

एकाच खुणेवर येऊन काटा पडतो आणि थोडं पेट्रोल संपलं की पुन्हा उठतो, असं असेल तर पट्टीवर त्या जागी झीज झालीय. रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि दर सोमवारी पाचशेचंच पेट्रोल टाकणाऱ्या गाड्यांत हे हमखास दिसतं. जीभ वर्षानुवर्षं पट्टीच्या त्याच भागावरून घासत राहते.

काटा कायम रिकाम्यावर पडलेला असेल तर तीन गोष्टी संभवतात: फ्यूज, तुटलेली वायर किंवा पाणी शिरलेल्या नावेसारखा तळाला गेलेला फ्लोट. उंदरांनी वायर कुरतडणं ही पुण्याच्या सोसायट्यांत नित्याची गोष्ट आहे. मागच्या सीटखालची वायर त्यांना विशेष आवडत असावी, तिथे ऊब असते आणि कुणी बघायला येत नाही.

रिझर्व्हचा दिवा वेळेवर लागतो पण काटा चुकतो, म्हणजे दिवा बरोबर आणि काटा चूक, असंही होऊ शकतं. अनेक गाड्यांत या दिव्याची यंत्रणा वेगळी असते. टाकीच्या खालच्या भागात एक छोटा थर्मिस्टर असतो. पेट्रोलात बुडालेला असेपर्यंत तो थंड राहतो, उघडा पडला की स्वतःच्याच विजेने तापतो आणि दिवा लावतो. तुमच्या गाडीत तो असेल आणि चालत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत काट्याकडे न बघता दिव्यावर विसंबा.

वायरीची परीक्षा

तापकीर गल्लीत दोन-तीनशे रुपयांत साधा मल्टिमीटर मिळतो. त्याच फेरीत १०, ३३, ४७ आणि १०० ओहमचे पाच वॉटचे रोधही घेऊन ठेवा. अगदी थोड्या रुपयांचं काम आहे.

टाकीतून बाहेर आलेल्या वायरीचा कपलर शोधा. काही गाड्यांत मागच्या सीटखाली किंवा डिकीतल्या कार्पेटखाली एक गोल झाकण असतं, काहींत कपलर गाडीखाली टाकीजवळ लोंबतो. चावी बंद ठेवून तो सोडवा. आता चावी इंजिन न लावता फिरवा. काटा रिकाम्यावर गेला पाहिजे. चावी पुन्हा बंद करा, मीटरकडून आलेल्या वायरीला ३३ ओहमचा रोध जोडून त्याचं दुसरं टोक बॉडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या जागी लावा आणि चावी फिरवा. काटा फुल्ल आणि रिकामं यांच्या मधे कुठेतरी येऊन स्थिर उभा राहिला पाहिजे. १० ओहम लावला की फुल्लकडे, १०० लावला की रिकाम्याकडे. कपलर सोडल्यावर काटा रिकाम्याऐवजी फुल्लच्या पलीकडे गेला तर तुमची गाडी उलट्या प्रकारातली.

अनेक मेस्त्री यासाठी वायर सरळ बॉडीला टेकवतात. तीही परीक्षा बरोबरच आहे, पण दोन-चार सेकंदच. तापणारा मीटर जास्त वेळ तसाच धरला तर आतली गुंडाळी जळू शकते. रोध लावला की ती धास्ती राहत नाही.

काटा रोधांप्रमाणे शहाण्यासारखा हलला तर मीटर, फ्यूज आणि मागे येणारी वायर, तिन्ही निर्दोष. मीटर विकत घेऊ नका, कुणी कितीही सांगो. माझ्या घरात असा एक विनाकारण बदललेला मीटर आहे.

आता उरली टाकीची बाजू. मल्टिमीटर ओहमवर ठेवून फ्लोटकडच्या कपलरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. ज्यांना एकच पिन असते तिथे पिन आणि टाकीची बॉडी यांच्यामधला. कुणाला तरी मागचा बंपर धरून गाडी हलवायला सांगा. टाकीत पेट्रोल हिंदकळलं की आकडा थोडा वरखाली झाला पाहिजे. आकडा अनंत आला तर पट्टी किंवा आतली जोडणी तुटलेली. आकडा रिकाम्या टाकीचा आला, अजिबात हलत नाही आणि तुम्ही तर कालच दहा लिटर टाकलंय, तर फ्लोट बुडालेला किंवा अडकलेला. आकडा ठीक, पण काटा कमी दाखवतो, तर अर्थिंग.

अर्थिंगची खात्री अशी करा. कपलर जोडा, चावी चालू करा, मल्टिमीटर व्होल्टवर. एक टोक फ्लोटच्या अर्थिंगच्या पिनेला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. जवळजवळ शून्य यायला हवं. ०.१ व्होल्टच्या वर आलं तर अर्थिंगचा स्क्रू काढा, थिंबल आणि त्याखालची बॉडीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून थोडं ग्रीस लावा. आवळण्याआधी नाही, नंतर. माझ्या ओळखीतल्या तीन गाड्या एवढ्यावरच सुधारल्या, आणि तिघींच्याही मालकांना आधी 'युनिट बदलावं लागेल' असं सांगितलं गेलं होतं.

टाकी उघडायची तर

इथे थांबा आणि हे नीट वाचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि पेट्रोल शून्याखाली सुमारे ४० अंशांपर्यंत थंड असलं तरी त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. आपल्याकडच्या डिसेंबरातल्या पहाटेचं तिला काहीच वाटत नाही. म्हणून तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम कधीही करायचं नाही. उघड्यावर, वारा खेळता असेल अशा जागी. जवळ देवघर, गॅसची शेगडी, कुणाची विडी, गिझर नको. बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढून बाजूला बांधून ठेवा. उजेडासाठी वायर लावलेला बल्ब नको, दिवसाच काम करा. अग्निशामक सिलिंडर हाताशी, आणि तो वापरता येणारा माणूस शेजारी. टाकीत पेट्रोल कमी असतानाच काम काढा. फ्लोटशी इलेक्ट्रिक पंप जोडलेला असेल, म्हणजे फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल, तर पाइपांत दाब असतो. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवल्याशिवाय ते पाइप सोडू नयेत. यातलं काहीही जमणार नाही असं वाटलं, किंवा टाकीच खाली उतरवावी लागणार असेल, तर हे काम सरळ गॅरेजला द्या. त्यात कमीपणा नाही. परीक्षा तुम्ही केलेली आहे, तेव्हा काय करायचं ते तुम्हाला सांगता येईल.

झाकणाभोवतीची माती आधी ब्रशने झाडा, नाहीतर ती सगळी टाकीत जाईल. युनिटला टाकीवर धरणाऱ्या कड्याचे स्क्रू जुने असतात, आदल्या दिवशी गंजनाशक तेल सोडून ठेवा. फ्लोट बाहेर काढताना दांडी वाकवू नका, तिरपा करून हळू घ्या, आणि भोकावर लगेच ओलं जाड फडकं घाला. मग फ्लोट घेऊन गाडीपासून लांब जा.

मल्टिमीटर लावून दांडी अगदी सावकाश वरखाली करा. आकडा टप्प्याटप्प्याने, न उड्या मारता बदलला पाहिजे. जिथे तो एकदम अनंताला जातो ती झिजलेली जागा. पट्ट्यांवर काळपट थर दिसला तर घाबरू नका. छापील पट्टीत बहुधा चांदी असते, आणि पैंजणं काळी पडतात त्याच गंधकाने ती काळी पडते. पुण्यात बीएस-४ पेट्रोल २०१० मध्ये आलं आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, ज्यात गंधक दहा लाखांत १० भागांपेक्षा जास्त नसतं. त्याआधीच्या पेट्रोलात ते कितीतरी पट होतं, आणि तुमच्या गाडीच्या फ्लोटने ते सगळं भोगलेलं आहे. हा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानाच्या काडीने किंवा पेन्सिलीच्या मऊ खोडरबराने पुसून काढा. पॉलिश पेपर इथे चालणार नाही, पट्टीच निघून येईल. तारेची गुंडाळी असेल तर फक्त अल्कोहोल आणि मऊ ब्रश.

झीज खोल असेल तरी एक जुनी युक्ती आहे. जिभेचं टोक चिमट्याने केसभर बाजूला वळवायचं, म्हणजे ते पट्टीच्या न झिजलेल्या भागावरून चालायला लागतं. केसभर म्हणजे केसभरच. ही युक्ती छापील पट्टीवर चांगली चालते आणि बरीच वर्षं काढते. मात्र पट्टी चिरलेली असेल तर नवं युनिट घ्यावं.

आता फ्लोट. कानाजवळ नेऊन हलवा. आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला तर तो फुटलाय. पितळी फ्लोट गरम पाण्यात दाबून धरला की बारीक भोकातून बुडबुडे येतात आणि जागा सापडते. त्याला डाग द्यायचा असेल तर आतलं पेट्रोल पूर्ण निघून दोन-चार दिवस उन्हात वाळल्याशिवाय त्याच्याजवळ सोल्डरिंग आयर्नही नेऊ नका. बंद डबीतली वाफ फुटते. खरं सांगायचं तर दुसरा फ्लोट मिळत असेल तर डागाच्या वाटेला जाऊच नये. काळ्या फोमचा फ्लोट पेट्रोल शोषून जड होतो, त्याला दुरुस्ती नाही.

दोन गोष्टी इथेच सांगते. ज्यांच्या जुन्या गाडीला नंतर सीएनजी किट बसवलं आहे त्यांच्या टाकीत तेच पेट्रोल महिनोन्महिने पडून राहतं, त्याचा चिकट थर दांडीच्या सांध्यावर बसतो आणि फ्लोट जागच्या जागी खिळतो. आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवत जा, आणि टाकी अगदी तळाला ठेवू नका, कारण टाकीतल्या पंपाला थंडावा पेट्रोलाचाच असतो. दुसरी गोष्ट इथेनॉलची. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं. जुन्या गाड्यांतलं रबर आणि बुचाचं पॅकिंग त्यासाठी केलेलं नव्हतं. ते फुगतं, नाहीतर कडक होऊन तडकतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे जूनपासून हवेत पाणी कमी नसतं. तेव्हा टाकी उघडलीच आहे तर झाकणाचं पॅकिंग नवं घाला, इथेनॉल चालणारं मागून घ्या, जुनं पुसून पुन्हा बसवण्याची काटकसर करू नका.

नाना पेठेत जाताना

युनिट बदलायचंच ठरलं तर जुनं युनिट पिशवीत घालून नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत न्या. गाडीचं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीचं कार्ब्युरेटरवालं मॉडेल आणि इंजेक्शनवालं मॉडेल यांची युनिटं वेगळी असतात. दुकानदार 'तेच आहे, लावा बिनधास्त' म्हणेल. त्याच्या काउंटरवरच तुमचा मल्टिमीटर काढा. दांडी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी धरून जुन्याचे आणि नव्याचे आकडे ताडून बघा. जुन्याची पट्टी तुटलेली असेल तर मॅन्युअलमधले आकडे लिहून न्या. रोध जुळत नसेल तर ते युनिट कितीही चकचकीत असो, तुमचा मीटर आयुष्यभर खोटंच बोलेल. दांडीची लांबी, फ्लोट कुठल्या बाजूला वळतो आणि कड्यावरच्या भोकांची मांडणी, हेही जागेवरच जुळवा. बदलून देण्याचा विषय आधी काढा, बिल झाल्यावर नाही.

बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात मीटरचे अख्खे संच मिळतात, काच, खिळे, बटणं यांसाठी ते उत्तम. टाकीतलं युनिट मात्र मी तिथून घेणार नाही. ते कुठल्या टाकीत किती वर्षं बुडालं होतं कोण जाणे.

मीटरच्या बाजूचा दोष निघाला तर बहुतेकदा तो मीटरात नसून त्याच्या मागे असतो: छापील सर्किटवरचे ढिले नट. ते काढून, साफ करून, हलक्या हाताने आवळावेत. स्टॅबिलायझर गेला असेल आणि मिळत नसेल, तर ब्रिटिश घराण्याच्या अनेक मीटरांना सरासरी १० व्होल्ट लागतात, त्यासाठी ७८१० नावाची तीन पायांची आयसी कुठलाही इलेक्ट्रॉनिक्सवाला बसवून देतो. तुमच्या गाडीला १०च लागतात ना, एवढं आधी पाहून घ्या.

मोजून भरा

सगळं बसवल्यावर काट्यावर लगेच विश्वास टाकू नका. टाकी रिझर्व्हच्या जवळ आली की गर्दी नसताना, सकाळी सहा-साडेसहाला, सपाट आवार असलेल्या पंपावर जा. टाकायचं मोजून ५-५ लिटर. प्रत्येक पाचानंतर गाडी थोडी पुढे घ्या, चावी फिरवून मिनिटभर थांबा, काटा कुठे आहे ते लिहा. पंपावरच्या माणसाला आधी विनंती केलीत तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, फार तर चमत्कारिक नजरेने बघतो. मापाबद्दलच शंका असेल तर प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप असतं, ते दाखवायला सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

चूक उरलीच तर दांडी अगदी थोडी वाकवून सुधारता येते, पण दांडी वाकवली की वरचं आणि खालचं दोन्ही सरकतं. तेव्हा खालचं टोक जुळवा. फुल्ल केल्यावर काटा पाऊण दाखवतो म्हणून कुणी पुलावर अडकत नाही. ई म्हणजे टाकीत अजून तीन-चार लिटर, असं बसलं की काम झालं.

जोडीला ट्रिप मीटर आहेच. २८ लिटरची टाकी, शेवटचे ४ लिटर राखीव, शहरात लिटरला १५ किलोमीटर धरले तर ३६० किलोमीटर झाले की पंप, काटा काहीही म्हणो. कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, म्हणजे जाऊन लगेच येता येणार नाही, हे निघण्याआधीच ठरतं.

आमच्या टाकीचा पोचा मी काढला नाही. टाकी उतरवून, वाफ घालवून, पत्रा ठोकून घ्यायचा खर्च ऐकला आणि बेत रद्द केला. त्याऐवजी मोजून भरताना आलेले आकडे कागदाच्या पट्टीवर लिहून मीटरच्या काचेखाली चिकटवले: फुल्ल २६, अर्धा ११, पाव शून्य. पोच्याने आमच्या टाकीचे दोन लिटर कायमचे खाल्ले, हेही त्याच सकाळी कळलं. घरात दुसरं कुणी गाडी नेतं तेव्हा चावीबरोबर त्या पट्टीकडे बोट दाखवते.

आणि टाकी उघडून बंद केली असेल तर पहिल्यांदा फुल्ल भरल्यावर गाडी रात्रभर उघड्यावर ठेवा, सकाळी सीट उचलून झाकणावर वास घ्या. वास आला तर पॅकिंग नीट बसलेलं नाही. ते पुन्हा बसवेपर्यंत गाडी तळघरात नेऊ नका.